गरम हाताने पाहिलेला ताप

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की आमच्या गल्लीला वास येऊ लागतो. भिजत घातलेल्या गव्हाचा, तिसऱ्या दिवशीचा, आंबट. सवय नसलेला माणूस नाकाला रुमाल लावतो आणि गटार कुठे तुंबलंय ते विचारतो. समोरच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या एका बाईंनी मागच्या वर्षी मला तसं विचारलंही. मी म्हटलं, "गटार नाही, कुरडया." त्यांचा विश्वास बसला नाही.

वास आला की दुसऱ्या दिवशी पहाटे पितळी सोऱ्याच्या दांड्याची करकर ऐकू येते, गच्चीवर प्लास्टिक अंथरल्याची सळसळ, बायकांचं हसणं. मी खिडकी लावून घेते आणि पंखा मोठा करते. चार वर्षं आमच्या घरी गहू भिजलेला नव्हता. कुणी विचारलं तर पेपर तपासायचे आहेत म्हणायची. ते खोटं नव्हतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, एप्रिलमध्ये पेपर असतातच. पण पेपर आधीही असायचे, आणि कुरडयाही व्हायच्या.

केडगावातली आमची गल्ली जुनी. आज तुझ्या घरच्या, उद्या माझ्या, परवा तिच्या, अशी पाळी लागते. कुणी कुणाला मजुरी देत नाही. जिच्या घरच्या कुरडया असतील तिने सगळ्यांना चहा द्यायचा आणि वाटीभर गरम चीक, दूध-साखर घालून. त्या चिकाची चव दुसऱ्या कशालाच नाही. पातळ काचेसारखा दिसतो, जिभेवर गुळगुळीत, आणि घशाखाली उतरेपर्यंत गरम. घाईने गिळला तर डोळ्यांत पाणी.

कुरडईचं सगळं त्या गरमपणावर आहे. चीक हाताला चटके देतो तोवर सोऱ्यातून सुतासारखा उतरतो. कोमट झाला की दांडा फिरत नाही, गार झाला की ढेकूळ. म्हणून एकदा पातेलं उतरवलं की कुणी उठत नाही. दारात पाहुणे येवोत, पोर रडो, कुकरची शिट्टी होवो. "चीक थांबायचा न्हाई," असं कौसाआत्या म्हणायच्या आणि आम्ही सगळ्या बसल्या जागेवर चिकटायचो.

कौसाआत्या आमच्यापासून चौथ्या घरात राहायच्या. सख्ख्या कुणाच्याच आत्या नव्हत्या, गल्लीच्या आत्या होत्या. वय पासष्टच्या पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी एकच, मंगल. ती देवळाली प्रवरेला दिलेली, ऊसवाल्या घरात. गल्लीत कुणाकडेही चीक शिजवायचा असला की पातेल्यापाशी आत्याच लागायच्या. पाणी किती, मीठ कधी, ढवळणं कुठे थांबवायचं, हे त्यांना विचारावं लागायचं नाही. चिकाचा रंग बदलला की त्या नुसत्या "हं" म्हणायच्या, आणि दोघीजणी पातेलं उचलायच्या.

त्यांच्या हातांना चटका कळत नसे. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटायच्या, निखारा चिमटीने उचलून ठेवायच्या. लग्न होऊन या गल्लीत आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी सोऱ्यात चीक भरायला बसले आणि पहिल्याच मुठीला ओरडले. आत्या म्हणाल्या, "मास्तरीनबाई, खडूचा हात हाय तुमचा. हिकडं चुलीचा हात लागतो." सगळ्या हसल्या. शोभा, आमची शेजारीण, तिने तर माझी नक्कल करून दाखवली. आत्यांनीच मग माझ्या बोटांना तेल लावलं आणि म्हणाल्या, "चार उन्हाळं जाऊ द्या. मग कळायचं बी न्हाई."

चार नाही, सहा-सात लागले. पण खरंच कळेनासं झालं. पातेल्यातला वाफाळता गोळा मी तळहातावर घेऊन सोऱ्यात दाबू लागले. मला त्याचं कौतुक होतं. माझ्या मुलीलाही मी तेच शिकवलं. चहाच्या भांड्याला सांडशी घेतली की मी म्हणायची, एवढं काय भाजतं? आपल्याकडे बाईला काही लागलेलं कळलं नाही की तो गुण धरतात. मीही धरला.

सातवीला एक प्रयोग आहे. मी तो जवळजवळ पंचवीस वर्षं केला. तीन घमेली मांडायची. एकात सोसेल इतकं गरम पाणी, एकात माठातलं गार, मधल्यात कोमट. मुलाचा एक हात गरमात, एक गारात, मिनिटभर. मग दोन्ही हात एकदम मधल्या घमेल्यात. गरमातून आलेला हात म्हणतो, पाणी गार आहे. गारातून आलेला हात म्हणतो, गरम आहे. पाणी एकच. वर्गात दरवेळी गोंधळ होतो, कुणीतरी ओरडतं, "बाई, तुम्ही खाली काहीतरी केलंय!" मग मी शांत करते आणि सांगते: कातडी तापमान मोजत नाही, फरक मोजते. ती ज्याला सरावली असेल त्याच्यापेक्षा जास्त की कमी, एवढंच तिला कळतं. म्हणून हाताचं खरं मानायचं नाही. तापमापी वापरायची.

चार वर्षांपूर्वीचं ते वर्ष माझ्या मुलीच्या लग्नाचं. मे महिन्यातली तारीख, रुखवतात मांडायला रंगीत कुरडया हव्यात असा तिचाच हट्ट. शाळेत परीक्षा चालू, मला एकच रविवार मोकळा. म्हणून मी गहू दुप्पट भिजवला. आत्या म्हणाल्या होत्या, "दोन दिस करा बाई. ऊन लई हाय." मी म्हटलं, "आत्या, मला दुसरा दिवस कुठून आणू?" त्या हसल्या. "बरं बरं. नवरीची आय हाय तुमी. तुमचंच चालायचं."

पहाटे साडेपाचला सुरुवात केली. एरवी आठ-साडेआठला सगळं आवरतं, ऊन चढायच्या आत. त्या दिवशी आठला पहिला घाणा संपला आणि मी दुसरा चढवला. मग तिसरा, गुलाबी रंगाचा. चौथा हिरवा. अकरा वाजता आमच्या गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता. शेगडीची धग खालून, सिमेंटची बाजूने, आणि वरून ते ऊन. आम्ही पाचजणी होतो. दोघी दहाला निघून गेल्या. राहिलो मी, शोभा आणि आत्या.

उन्हात शरीर काय करतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, उष्णता बाहेर जाते, घाम येतो, घाम वाळताना अंग निवतं. दोन गुणांचं उत्तर. मुलं 'रुंदावतात'खाली रेघ मारतात आणि पुढच्या प्रश्नाकडे जातात. त्या उत्तरात एक गोष्ट नाही. रक्त तेवढंच असतं. आमच्या भागात पाणी सोडायला माणूस येतो. उन्हाळ्यात कडेच्या वस्त्या ओरडायला लागल्या की तो सगळ्या चाव्या एकदम उघडतो, आणि मग चढावरच्या घरांच्या नळाला थेंब येत नाही. टाकीतलं पाणी वाढलेलं नसतं, नुसतं बाहेर वळवलेलं असतं. माणसाचंही तेच. रक्त कातडीकडे गेलं की हृदयाला जोर लावावा लागतो, डोक्याला कमी पडतं, उठलं की गरगरतं.

आणि आत्यांची टाकी मुळातच अर्धी होती. ब्लडप्रेशरसाठी त्या घेत ती गोळी लघवी वाढवणारी होती. शिवाय मोरी खाली, गच्ची वर, मध्ये बावीस पायऱ्या. सारखं उतरायला नको म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. यात वेगळं काही नाही. आम्ही सगळ्याच बायका हे करतो. लग्नात, एसटीत, शेतात, शाळेत. कुठे जायला जागा नसते तिथे पाणी प्यायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

सकाळी आत्यांचा चेहरा लालबुंद होता आणि गळ्यावरून घाम वाहत होता. ते मला आठवतं, कारण शोभा म्हणाली होती, "आत्या, आज तुम्हीच नवरी दिसताय." अकराच्या सुमारास तो लालपणा गेला होता. घामही गेला होता. पातेल्यापाशी बसलेली बाई, आणि तिचं कपाळ कोरडं. मी ते पाहिलं. मला वाटलं, पदराने पुसलं असेल.

मग त्या म्हणाल्या, "वारं गार सुटलंय गं."

वारा सुटला होता, पण तो भट्टीतून यावा तसा. आत्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. हातावर काटा आला होता. शोभा खो-खो हसली. "घ्या! आत्याला एप्रिलात थंडी वाजती. गोदडी आणू का?" मीही हसले. आत्यांनाही हसू आलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. मग म्हणाल्या, "डोकं हलकं झालंय." मी म्हटलं, "जिन्याच्या खोलीत जरा पडा. एवढा घाणा काढतो आम्ही."

जिन्याच्या वर आमची एक लहान खोली आहे, जुन्या वस्तू ठेवायची. वर पत्रा. सावली म्हणून मी त्यांना तिथे पाठवलं. सावलीच होती ती. पत्र्याखालची.

पाऊण तासाने आत्यांचा मोबाईल वाजला. तो पिशवीत, माझ्या मांडीशीच होता. देवळालीहून मंगल. मी कोपराने पिशवी ओढली, दोन बोटांनी फोन उचलला, त्याला चीक लागला. ती म्हणाली, "बाई, आई कुठंय? सकाळी फोनवर कायतरीच बोलत हुती. मला म्हनली, तुझ्या बाला जेवायला बोलव. बा जाऊन किती सालं झाली! बघा की जरा. ताप हाय का तिला?"

मंगल माझी विद्यार्थिनी. मी नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत ती सातवीत होती. लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी मला बाईच म्हणते.

पातेल्यात हिरवा चीक अर्धा होता. मी उठले, फोन तसाच धरून खोलीत गेले. आत्या कुशीवर पडल्या होत्या, डोळे अर्धवट. मी तळहात त्यांच्या कपाळावर ठेवला. तोच तळहात, जो तासन् तास चिकात होता. कपाळ मला नेहमीसारखं लागलं. खरं सांगायचं तर किंचित गारच.

"नाही गं," मी मंगलला सांगितलं. "हात लावून बघितलाय मी. ताप नाही. दमल्यात. झोपल्यात."

"बगितलं ना तुमी? मग न्हाई," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

तापमापी खाली होती. बेडरूमच्या कपाटात, वरच्या खणात, डब्यात घालून ठेवलेली. त्या क्षणी मला ती आठवली नाही असं मी म्हणू शकले असते. आठवली होती. बावीस पायऱ्याही आठवल्या आणि पातेलंही आठवलं. मी परत जाऊन बसले आणि सोऱ्या भरला.

पुढचं थोडक्यात सांगते. घाणा संपल्यावर शोभा ताक घेऊन खोलीत गेली आणि तिने मला हाक मारली, ती हाक मी आधी कधी ऐकली नव्हती. आत्या बरळत होत्या, ओळखत नव्हत्या, दात वाजत होते. रिक्षा मिळाली. मी मागे बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. नगरकडे जाताना रिक्षाला वारा लागतो. माझे हात ओले होते, मी घाईत ते नळाखाली धुतले होते. वाऱ्यावर ते वाळले, गार झाले. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आत्यांचे केस मागे सारायला मी कपाळावर हात ठेवला.

तवा. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

मी हात काढला आणि परत ठेवला. मला तेव्हाच कळलं. पुढे कधी तरी विचार करताना नव्हे, रिक्षातच, सिग्नल सुटायच्या आत. ती तीन घमेली माझ्यासमोर होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" त्यांना वेळ हवी होती, बाकी काही नाही. मी म्हणाले, "बारा वाजता मी हात लावून बघितलं होतं. ताप नव्हता. एकदम चढला." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. बर्फ लावला, पंखे लावले, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या गेल्या.

माझ्या त्या उत्तराने उपचारात काही फरक पडला असेल असं मला वाटत नाही. समोरच्या माणसाचं अंग किती तापलंय ते त्यांना दिसत होतं. पण मी खोटं बोलले, आणि कळत असून बोलले. चूक दुपारी बाराची, खोटं दीडचं. मधल्या दीड तासाने सगळं बदललं. बाराला मी एक घाईतली बाई होते.

मग 'एकदम चढला' हे गल्लीचं वाक्य झालं. दहाव्याला, तेराव्याला, येणारा जाणारा तेच सांगायचा. "बाईंनी सोता बघितलं की. ताप नव्हता. ऊन असंच असतं, एकदम चढतं." माझ्या सांगण्यावर कुणी शंका घेतली नाही. विज्ञानाच्या बाई. तेराव्याला मंगल माझ्यापाशी बसली, हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुमी हुता तिच्यापाशी. बरं झालं." मी मान हलवली. वर, "एकदम चढला गं," असंही म्हणाले.

मुलीचं लग्न ठरल्या तारखेला झालं. रुखवतात पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडया नीट रचून मांडल्या होत्या. लोकांनी नावाजल्या. हिरव्यांकडे मी बघितलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. सातवीचा तो धडा आला तेव्हा मी प्रयोग केला नाही. तीन घमेल्यांचं चित्र फळ्यावर काढलं आणि उत्तर लिहून दिलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, ताईच्या वर्गात तुम्ही खरं पाणी आणलं होतं." मी म्हटलं, "पाणी कमी आहे यंदा." त्यानंतरही दरवर्षी चित्रच. मुलांना गुण मिळतात. त्यांना काही कमी पडलेलं नाही, असं निदान गुणपत्रिकेत दिसतं.

मी माझी बाजूही मांडून पाहिली आहे, मनाशी. वय झालं की कातडी उशिरा सांगते, घाम कमी येतो, ऊन लागतंय हे आत पोचायलाच वेळ लागतो. आत्यांना स्वतःलाच कळलं नाही, मला कुठून कळणार? ती गोळी मी दिली नव्हती. पाणी पिऊ नका असं मी म्हटलं नव्हतं. सगळं खरं आहे. पण दुप्पट गहू मी भिजवला. पत्र्याखाली मी पाठवलं. आणि मंगलने विचारलं तेव्हा तिला हवं असलेलं उत्तर फक्त माझ्याकडे होतं, त्या गच्चीवर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर ती देवळालीहून फोन फिरवणार होती. तिचा चुलतभाऊ केडगाव चौकातच रिक्षा लावतो.

मंगल दर एप्रिलला येते. आईच्या नावाने गल्लीत पाच घरी कुरडया देते, त्यातलं एक घर माझं. मी चहा करते. ती बसते, उसाचं, मुलांचं, पाण्याच्या पाळीचं सांगते. आईचा विषय निघाला की माझ्या तोंडून तेच वाक्य येतं, आणि ती "व्हय" म्हणते. मग मी विषय बदलते. तिच्या जिवाला तेवढाच आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा, अशी मी माझी समजूत घातली होती.

यंदा ती कुरडया घेऊन आली नाही. कच्चा चीक घेऊन आली. सकाळी सहाला दार वाजलं. दारात मंगल, शेजारी स्टीलचा मोठा डबा, खांद्याच्या पिशवीतून सोऱ्याचा दांडा बाहेर आलेला.

"औंदा हितंच घालू म्हनलं, बाई. तुमच्या गच्चीवर."

"माझे पेपर आहेत गं."

"एकच घाना हाय. तासाभराचं काम."

आम्ही शेगडी वर नेली. चार वर्षांत मी गच्चीवर फक्त पाण्याची टाकी बघायला जात असे. जिन्याच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मंगल त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग तिने प्लास्टिक अंथरलं.

तिने चीक शिजवला. आईसारखीच बसते, एक गुडघा उभा. रंग बदलला तेव्हा "हं" म्हणाली. आम्ही दोघींनी पातेलं उतरवलं. ती सोऱ्या घेऊन बसली, मी भरायला. पहिल्या मुठीला मला चटका बसला. चार वर्षांत हात परत खडूचा झाला होता. तिसऱ्या-चौथ्या मुठीला कळेनासं झालं.

मी तळहात बघत राहिले. लाल झाला होता, आणि काही वाटत नव्हतं.

"मंगल," मी म्हणाले, "त्या दिवशी माझा हात असाच होता."

तिने अर्धी कुरडई पुरी केली. मग दांडा सोडला.

"ठावं हाय मला."

मी हात पातेल्यापासून मागे घेतला.

"शोभाकाकूंनी सांगितलं हुतं, मौतीच्या दिशीच. म्हनल्या, बाई चीक भरत हुत्या, तशाच उठून हात लावला. त्यांच्या काय धेनात बी न्हाई आलं." ती प्लास्टिकवरची कुरडई सारखी करत होती, ती सारखीच होती. "सातवीत तुमी तीन घमेली मांडलेली, बाई. माझाच हात धरून गरम पान्यात घातला हुता. म्हनला, आता सांग मंगल, कोमट कसं लागतंय? मी म्हनलं, गार. सगळा वर्ग हसला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला? तुमी बोलताल म्हनलं. दर साली यायची. दर साली वाटायचं, औंदा बोलतील. तुमी च्या द्यायचा आन म्हनायचा, एकदम चढला."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकतं मानसाचं. घाईत हुता. माझ्याकडून बी चुकलंच की, मी फोन ठेवून दिला. पर डाक्टरला तसं का सांगितलं? तवा तर कुनाची घाई नव्हती."

याचं उत्तर मी चार वर्षं शोधलं असं म्हटलं तर तेही खरं नाही. मला ते माहीत होतं. मला लाज वाटली होती. मी तिला तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

मग तिने विचारलं, "तापमापी हुती का घरात?"

"होती."

"कुठं?"

"खाली. बेडरूमच्या कपाटात. वरच्या खणात, डब्यात."

मंगलने पदराला हात पुसले आणि उठली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज आला, मग खाली कपाटाचं दार करकरलं. मी पातेल्यापाशी बसून होते. परत चपला वाजल्या. ती वर आली तेव्हा तिला धापही लागली नव्हती. डबा माझ्यासमोर धरून म्हणाली, "हीच का?"

"हीच."

"बावीस पायऱ्या हायेत. मोजल्या मी."

डबा तिने कठड्यावर ठेवला. माझ्यासमोर बसली, पातेल्यातला गोळा स्वतःच उचलला, चटका बसून हात झटकला, परत उचलला आणि सोऱ्यात भरला. दांडा फिरवला.

चीक सुतासारखा उतरला.